दहावीनंतर ऑटोमोबाईल : नाशकात राहून पोराचं बस्तान बसेल का?

मावशी_पेठरोड

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी धागा काढतेय. दिंडोरी तालुक्यातलं गाव, पोरगा यंदा दहावी झाला, ७१ टक्के. घरची मोटरसायकल, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, हाताला लागेल ते खोलतो आणि बहुतेक वेळा परत जोडतोही. त्याला 'गाड्यांमध्येच' काहीतरी करायचंय.

बहीण म्हणते आयटीआय कर आणि सातपूरला कंपनीत लाग. दाजींना डिप्लोमा, मग डिग्री, मग दारावर इंजिनिअरची पाटी हवी. आजोबांचं तिसरंच, 'उद्या सगळ्या गाड्या बॅटरीवर पळणार, मेकॅनिकला कोण विचारतंय, त्यापेक्षा बाग सांभाळ.' आणि पोरगा गॅरेजमध्ये जाऊन बसतो.

तर प्रश्न असा: आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड की ऑटोमोबाईलचा डिप्लोमा? पुढे कंपनी बरी, शोरूम बरं की स्वतःचं गॅरेज? आणि बॅटरीच्या गाड्यांचं नक्की काय होणार? फॉर्म भरायला फार दिवस उरलेले नाहीत. कृपा करून 'आवड असेल ते करू द्या' एवढंच लिहू नका, ते आम्हालाही कळतं.

कट्टेकरी

आवड असेल ते करू द्या.

मावशी_पेठरोड

@कट्टेकरी, तुमची वाटच बघत होते. :)

सातपूरकर_निवृत्त

ताई, मी टर्नर. सातपूरच्या आयटीआयमधून निघालो आणि तिथून हाकेच्या अंतरावर कंपनीत लागलो, तिथूनच निवृत्त झालो. आमच्या वेळी नाशकात मायको (आत्ताची बॉश), महिंद्रा, ओझरला एचएएल, सिएट या नावांवर मुलींची लग्नं ठरायची. पोरगा दिसायला कसा हे नंतर विचारायचे, आधी 'पर्मनंट आहे का?' सिडकोतली अर्धी घरं या पगारांच्या कर्जावर उभी राहिली म्हटलं तरी चालेल.

२००२ साली स्कॉर्पिओ नाशिकच्या प्लांटमधून बाहेर पडली तेव्हाची सातपूर-अंबडची धावपळ मी पाहिलीय. एक गाडी म्हणजे मागे शेकडो लहान पार्ट आणि ते पार्ट बनवून पुरवणारे व्हेंडर. लेथ लावला तरी काम मिळत होतं. पुढे २००७ ला लोगन आली, ती काही चालली नाही, पण व्हेंडर तयार झाले ते झाले.

आता बहिणीला एवढंच सांगा की 'कंपनीत लागणे' ही जी गोष्ट तिच्या डोक्यात आहे ती आमच्या पिढीची आहे. आज गेटच्या आत जाणारे निम्मे तरी अप्रेंटिस, ट्रेनी किंवा ठेकेदाराची माणसं असतात. आत जाणं सोपं झालंय, आत राहणं अवघड. अप्रेंटिसशिप संपली की कंपनीने ठेवून घेतलंच पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही, हे पोराला आधी सांगून ठेवा म्हणजे नंतर खचणार नाही. तरी अप्रेंटिसशिप सोडू नका. त्यानंतरची परीक्षा पास होऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ते एचएएल, रेल्वे, आयुध निर्माणी अशा ठिकाणच्या भरतीत कामी येतं.

पाना_१२_१३

द्वारकेजवळ माझं मल्टीब्रँड गॅरेज आहे. माझा सल्ला थोडा कडू लागेल.

मेकॅनिकला कोण विचारतंय, असं आजोबा म्हणतात ना? आजोबांना सांगा, मला विचारा. चार बोर्ड लावलेत, 'अनुभवी मेकॅनिक पाहिजे' म्हणून. येतात ते सगळे पार्ट बदलणारे. निदान करणारा एक मिळत नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. एक डिझेल गाडी आली, सकाळी सेल्फ मारला की नुसती कुरकुर. मालकाने दोन गॅरेज फिरून आधीच नवी बॅटरी टाकलेली, सेल्फ पण रिपेअर करून घेतलेला. माझ्याकडच्या पोराने परत बॅटरीच चेक करायला घेतली. मी म्हटलं थांब. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मार सेल्फ. काटा शून्याच्या आसपास राहायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थिंग खराब समजायचं. इथे तो जवळजवळ दोनवर गेला. इंजिन ते चासी जाणारी अर्थची पट्टी बोल्टाखाली हिरवी पडली होती. बोल्ट खोलला, पॉलिश पेपर मारला, घट्ट केला, गाडी चालू. बिल काय लावणार? मालक म्हणतो 'एवढंच होतं?' अहो एवढंच शोधायचे पैसे आहेत!

तर पोराला आयटीआयला घाला, मोटर मेकॅनिक ट्रेड दोन वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. पण पहिल्या दिवसापासून मल्टीमीटर हातात द्या आणि वायरिंग डायग्राम वाचायला शिकवा. बीएस-६ हा धुराचा कडक नियम आल्यापासून डिझेल गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), नॉक्स सेन्सर, युरियाची टाकी, काय काय आलंय. पाना सगळ्यांनाच फिरवता येतो.

चाकणरिटर्न

पाना_१२_१३ यांना +१. 'गाडीत काय बदललं?' यापेक्षा 'का बदललं?' हे सांगू शकणारा मेकॅनिक माझ्या आयुष्यात एकच भेटला, तो आता दुबईला आहे.

कॅलिबरवाली

मी अंबडमध्ये एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. पाना_१२_१३ यांच्याशी निम्मी सहमत.

पहिलं म्हणजे डिप्लोमाच करायचा असेल तर ऑटोमोबाईलपेक्षा मेकॅनिकल घ्या. ऑटोमोबाईलवाला गाड्यांच्या कंपन्यांकडे आणि शोरूमकडेच बघत बसतो. मेकॅनिकलवाल्याला गाड्यांचे पार्ट करणारे, पंप करणारे, इलेक्ट्रिकल स्विचगिअरवाले, सगळे घेतात, आणि नाशकात इलेक्ट्रिकलच्या कंपन्या कमी नाहीत. गाड्यांचा बाजार बसला की (२०१९-२० आठवा, महिन्यात किती दिवस नुसते नॉन-प्रॉडक्शन डे!) तेव्हा हा फरक कळतो.

दुसरं म्हणजे 'गाड्यांमध्ये काम' म्हणजे गाडी समोर असलीच पाहिजे असं काही नाही. माझ्या हातून रोज गाडीचे पार्ट जातात आणि गाडी मला फक्त पार्किंगमध्ये दिसते. डिझेल इंजेक्टरच्या नोझलमध्ये जी सुई बसते, तिच्या आणि बॉडीच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा धरा. तिथे ग्राइंडिंगच्या मशीनवरचा सेटर (मशीन जुळवून देणारा कारागीर) सकाळी मशीन गरम व्हायच्या आधी पहिला पीस काढत नाही, आणि काढला तर तो माझ्याकडे पाठवत नाही, कारण त्याला माहितेय मी परत करणार. असा सेटर व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. त्याला कोणी ब्रेक देत नाही, म्हणजे कामावरून कमी करत नाही हो. मालक त्याच्या घरी गणपतीला जातो.

भाच्याला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे ट्रेडही दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल अँड डायचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा असते. तिथून निघालेली मुलं मी रिकामी बसलेली पाहिली नाहीत.

पाना_१२_१३

@कॅलिबरवाली, ताई तुमचं सगळं बरोबर, पण पोरगा ट्रॅक्टर खोलणारा आहे. त्याला मशीनसमोर आठ तास एकच पार्ट काढायला लावला तर तो महिन्यात पळून येईल. माझ्याकडे असे पळून आलेले दोन आहेत.

कॅलिबरवाली

आणि आमच्याकडे गॅरेजमधून पळून आलेले तीन आहेत. :) रविवार नाही, पीएफ नाही, ईएसआयसी नाही, गाडी खाली झोपून कंबर गेली, अशी कारणं घेऊन आलेले. तुम्ही तुमच्या पोरांचा पीएफ भरता का, खरं सांगा.

पाना_१२_१३

प्रश्न अवघड आहे, पुढचा घ्या.

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणीतरी मिसळही आणा.

नारिंगी_वायर

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. चारचाकीच्या शोरूममध्ये आहे, सुरुवात टेक्निशियन म्हणून केली, आता बॅटरीच्या गाड्यांचं काम माझ्याकडे असतं.

इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच, टायमिंग चेन हे सगळं जातं, हे खरंय. त्यामुळे गाडीमागे सर्व्हिसचा धंदा कमी होतो, हेही खरंच. पण बेवर (गाडी कामाला उभी करतात ती जागा) जे येतं ते ऐका: टायर (गाडी जड, पिकअप जोरात, त्यामुळे लवकर झिजतात), सस्पेन्शनचे बुश, एसी, आणि गंमत म्हणजे साधी बारा व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी फुल चार्ज असते आणि छोटी बसली म्हणून गाडी उघडत नाही, मालक घाबरून फोन करतो. बाकी सॉफ्टवेअर अपडेट. मोठी बॅटरी आम्ही शोरूममध्ये खोलतच नाही.

हाय व्होल्टेजच्या केबल नारिंगी असतात, त्यांना हात लावायच्या आधी ठरलेला क्रम आहे. बारा व्होल्ट काढायचं, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा (दुसऱ्या कुणी नकळत लावू नये म्हणून), कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, मग मीटरने शून्य आलंय ना ते बघायचं. हातमोजे हजार व्होल्टचे. तेही रोज घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची आणि कानाजवळ धरायचं. कुठे फुस्स झालं तर तो मोजा बाद. नवीन पोरं हे दोन आठवडे करतात आणि मग कंटाळा करतात. कंटाळा करणाऱ्याला मी त्या बेवर उभा करत नाही.

आयटीआयला आता इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिकचा वेगळा ट्रेडही निघालाय. सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथे शिकवायला गाडी आहे का हे जाऊन बघा. भिंतीवरच्या चार्टवर शिकलेल्याला मला परत पहिल्यापासून शिकवावं लागतं.

पगार? शोरूमला सुरुवात बारा-पंधरा हजारांच्या आसपास, हे मी माझ्या शोरूमचं सांगतो. खरी वाढ टेक्निशियनवरून डायग्नोसिसवाला झालात की, किंवा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर झालात की. अ‍ॅडव्हायझरला मात्र शिव्या खायची तयारी लागते. गाडी संध्याकाळी सहाला देतो म्हणून सांगायचं आणि सहाला ती वॉशिंगच्या रांगेत सातवी असते.

आडगावनाका

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. सगळे पाना, मायक्रॉन आणि नारिंगी वायरचं बोलतायत, ड्रायव्हरचं कुणी बोलत नाही. गाड्या आहेत, माल आहे, द्राक्षाचा सीझन आहे, ड्रायव्हर नाहीत. निम्म्या नव्या गाड्या ड्रायव्हरअभावी यार्डात.

मुलगा लहान आहे, कळतं. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला २० वर्षं पूर्ण लागतात, आणि आधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स हवं. पण मेकॅनिकचं काम येणारा ड्रायव्हर मिळाला तर मी त्याला मागेल ते देईन.

मावशी_पेठरोड

@आडगावनाका, दादा, त्याची आई हा धागा वाचते आहे. हा प्रतिसाद तेवढा काढून टाकता का?

आडगावनाका

हाहाहा. वहिनींना नमस्कार सांगा.

चाकणरिटर्न

माझंही ऐका. नाशकातच राहायचं हा हट्ट का? मी चाकणला चार वर्षं होतो. तिकडे कंपन्यांची रांगच आहे, एकीत ब्रेक लागला की पुढच्या आठवड्यात दुसरीत. वाळूज, शेंद्रा, बिडकीनकडेही ऑटोच्या कंपन्या वाढतायत, टोयोटाने तिकडे सरकारशी करार केलाय. नाशिकचा प्रश्न असा की इथे मोठी दारं मोजकी. एका मोठ्या कंपनीचं चक्र मंदावलं की खालचे सगळे व्हेंडर थांबतात.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाव 'रिटर्न' उगाच नाही घेतलं. एका खोलीत सहा जण, मेसचं जेवण, भाडं, गावाला येण्या-जाण्याचा खर्च. ट्रेनीच्या पगारातून हातात राहायचं काय? नाशिक-पुणे रेल्वेच्या गप्पा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. घरून जाऊन-येऊन दिंडोरी-सातपूर करणारा पोरगा कमी पगारातही माझ्यापेक्षा जास्त शिल्लक टाकत होता.

आणि 'योजनेतून लागला' असं कोणी सांगितलं तर नीट विचारा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात आयटीआय-डिप्लोमाला महिना ८ हजार विद्यावेतन होतं, माझा चुलतभाऊ त्यात होता. मुदत संपली, घरी आला. ते प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती, पण गावात पेढे वाटून झाले होते.

कट्टेकरी

पेढे परत मागता येत नाहीत ही खरी समस्या आहे.

पाथर्डीफाटा

अवांतर: नाशिकच्या रस्त्यांवरचे खड्डे बघता सस्पेन्शनचं काम शिकलेला पोरगा कधीच उपाशी मरणार नाही. माझ्या गाडीचे लिंक रॉड वर्षात दोनदा गेले. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदून ठेवलेत ते वेगळेच.

मिसळप्रेमी

@पाथर्डीफाटा, लिंक रॉड कुठे बदलले? माझ्याही गाडीतून खटखट येते.

पाना_१२_१३

दोघंही द्वारकेला या. चहा माझ्याकडून.

पाथर्डीफाटा

द्वारकेच्या सर्कलमधून तुमच्याकडे येईपर्यंत क्लच पण जाईल, तोही बदलून द्याल का?

निफाडचा_ब्लोअरवाला

हा धागा काल रात्री वाचला, तेव्हाच लिहायचं होतं पण बागेत होतो.

मावशी, तुम्ही सगळे सातपूर-अंबडकडे तोंड करून बसलात. पोरगा दिंडोरीचा! दिंडोरी, निफाड, चांदवड या पट्ट्यात किती ट्रॅक्टर आहेत बघा. द्राक्षाच्या ओळींत चालणारे अरुंद ट्रॅक्टर, प्रत्येकामागे औषध फवारायचा एक ब्लोअर. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने फवारणीच फवारणी. ढगाळ हवामान आलं, पहाटे दव पडलं की डावणी रोगाची भीती. त्या रात्री ज्याचा ब्लोअर बंद पडतो तो बागाईतदार मेकॅनिकला फोन करत नाही, मोटरसायकल घेऊन उचलायलाच येतो. मला पंगतीतून उठवून नेलेलं आहे.

काम शिकायला लागतं मात्र. परवा एकाचा ब्लोअर प्रेशर धरत नव्हता. तो म्हणे नोझल चोकअप आहेत, सगळी साफ केली, काही फरक नाही. मी पंपाच्या ऑइलच्या डब्बीत बघितलं, ऑइल दुधासारखं पांढरं. म्हणजे डायफ्राम फाटला, पाणी ऑइलमध्ये शिरलं. तसाच चालवला असता तर पंपाची बेअरिंग गेली असती, पंपच बाद. डायफ्राम बदलला, ऑइल दोनदा टाकून काढलं, रात्री बारा वाजता बागेत प्रेशर दाखवलं. नोझलांकडेही बघितलं पाहिजे, पण वेगळ्या कारणासाठी. झिजलेल्या नोझलमधून औषध जास्त जातं, शेतकऱ्याचा खर्च वाढतो आणि फवारा पानाच्या मागे नीट बसतही नाही.

शिवाय पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा दांडा) जॉइंट, गिअरबॉक्स, पंख्याची पाती, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक. मी आयटीआय डिझेल मेकॅनिक, एक वर्षाचा. पिंपळगावला एका वर्कशॉपमध्ये हात काळे केले आणि मग स्वतःचं टाकलं. गेली काही वर्षं आमच्याकडे सीझनला दोन पोरं ठेवावी लागतात. बॅटरीची कार येईल तेव्हा येईल, बागेत डिझेल अजून बरीच वर्षं राहणार.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही ती सांगतो, उधारी. बागेचा माल गेला की पैसे, तोवर वही. अवकाळी झाली तर वही पुढच्या वर्षावर. ज्याच्या घरी दुसरं काही उत्पन्न नाही त्याने याच धंद्यावर पहिली दोन वर्षं काढायची म्हणजे कठीण. भाच्याच्या घरी बाग आहे, म्हणून बोललो.

कॅलिबरवाली

हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. दूध झालेलं ऑइल बघून निदान, हे क्वालिटीचंच काम झालं की.

सातपूरकर_निवृत्त

ब्लोअरवाले, मान गये. आमचा एक सुपरवायझर निवृत्त होऊन तुमच्याच धंद्यात पडलाय. पेन्शन किती येते हे कोणाला सांगत नाही, ब्लोअरचे पैसे किती आले ते सगळ्यांना सांगतो.

खाकी_स्वप्न

सरकारी नोकरीचा पर्याय कोणीच मांडला नाही म्हणून लिहितो. सहायक मोटार वाहन निरीक्षक. भरती एमपीएससीतून होते, ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा/डिग्री चालते. म्हणजे दाजींनी डिप्लोमा म्हटलं ते अगदीच वाया नाही. आयटीआय केलं तरी दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दार कुठलंच बंद होत नाही.

आणि एसटी? विभागीय कार्यशाळांमध्ये अप्रेंटिस घेतात. जुन्या बसवर हात बसला की काहीही येतं.

चाकणरिटर्न

@खाकी_स्वप्न, तयारी किती वर्षं चालू आहे?

खाकी_स्वप्न

...जाहिरात यायची वाट बघतोय. मध्ये शोरूमला वॉरंटीचं काम करतो. म्हणून तर सांगतोय, निव्वळ त्या जाहिरातीच्या भरवशावर पोराला बसवू नका.

विमावाला_काका

डिप्लोमावाल्यांसाठी अजून एक दार आहे, ते फारसं माहीत नसतं: मोटार विम्याचा सर्व्हेअर. विमा नियामकाचं लायसन्स लागतं, त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा. अपघाताची गाडी बघून काय बदलायचं, काय ठोकून सरळ करायचं, याचा अंदाज लिहायचा. ज्याने हाताने बॉडीशॉपचं काम केलंय त्याला कोणी फसवू शकत नाही. 'साहेब, हेडलाईट नवीन टाकावा लागेल' म्हटलं की तो आधी लाईटमागची धूळ बघतो. अपघाताने फुटलेल्या काचेमागे चार महिन्यांची धूळ कशी बसली?

बुलेटवाली

पोराचं विचारलंय, पण वाचणाऱ्या पोरींसाठी लिहिते. मी आयटीआय मोटर मेकॅनिक, आमच्या तुकडीत मुली दोनच. शोरूममध्ये पहिल्यांदा मला रिसेप्शनवर बसवत होते. मी म्हटलं कॉल घ्यायला नाही आले. आता दुचाकीच्या बेवर आहे. गिऱ्हाईक अजूनही विचारतं, 'मेकॅनिक कुठे आहे?' मी म्हणते समोर, चावी द्या. मोठ्या कंपन्यांच्या असेंब्ली लाईनवर आता मुली दिसतात, गॅरेजमध्ये अजून नाही. बाथरूम नसतं हो, एवढंच कारण असतं बऱ्याचदा.

पाना_१२_१३

@बुलेटवाली, रास्त बोललात. माझ्याकडेही नाही. बांधून घेतो आणि मग तुम्हाला फोन करतो.

बुलेटवाली

पीएफसकट करा.

कॅलिबरवाली

टाळ्या!

मावशी_पेठरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी घरी सगळ्यांना बसवून धागा मोठ्याने वाचून दाखवला. आजोबांना ब्लोअरवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, त्यांच्या ब्लोअरमध्येही तेच पांढरं ऑइल निघालं! लगेच भाच्याला खोलायला बसवला. दाजी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचं ऐकून जरा सैल झालेत. बहीण अजून कंपनीतच अडकलीय, पण आता 'अप्रेंटिसशिप तरी कंपनीत कर' इथपर्यंत आलीय.

म्हणजे आयटीआय ठरलं. आता दोन शंका. ऑप्शन फॉर्ममध्ये आधी मोटर मेकॅनिक टाकायचं की डिझेल? पाना_१२_१३ म्हणतात मोटर मेकॅनिक, ब्लोअरवाले स्वतः डिझेल केलेले. आणि सातपूरला टाकायचं की तालुक्याच्या आयटीआयला?

निफाडचा_ब्लोअरवाला

मोटर मेकॅनिक टाका. माझ्या वेळी मला एका वर्षात बाहेर पडायची घाई होती, घरची अडचण होती. त्याला नाहीये. दोन वर्षांत इलेक्ट्रिकल जास्त होतं, आणि डिप्लोमाचा रस्ता पण दोन वर्षांच्या ट्रेडनेच सरळ जातो. ट्रॅक्टरचं सीझनला माझ्याकडे येऊन शिकू दे. ऑक्टोबरात या, आत्ता नाही, आत्ता मी स्वतः पावसात नुसता बसून असतो.

नारिंगी_वायर

सातपूर. मशीन, अवजारं, आजूबाजूला कंपन्या, अप्रेंटिसशिपला बोलावणारे जवळ. पण आधी एक दिवस दोन्हीकडे जाऊन वर्कशॉप बघा. इंजिन स्टँडवर आहे की कपाटात, आणि शेवटचं कधी चालू केलं, हे तिथल्या मुलांना विचारा, सरांना नको.

सातपूरकर_निवृत्त

एक लक्षात ठेवा ताई. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या नंबरला 'बघू, मिळाला तर मिळाला' असलं काही टाकू नका. जे खरंच हवंय तेच वर.

मावशी_पेठरोड

हे कोणीच सांगितलं नव्हतं! दाजी पहिल्या नंबरला इलेक्ट्रॉनिक्स टाकून आले होते, 'मार्क आहेत तर टाकून बघू' म्हणून. फॉर्म अजून कन्फर्म केलेला नाही, आज सायबर कॅफेत पाठवते.

कट्टेकरी

आणि दाजींना कुठे पाठवणार?

मावशी_पेठरोड

त्यांना आडगाव नाक्याला पाठवते, लायसन्स आहे त्यांच्याकडे.

आडगावनाका

हेवी आहे का?